बाईसाहेबांची कात

१

खामगावात माझं गुरांच्या खाद्याचं, सरकी-ढेपेचं, दुकान तेरा वर्षं चाललं आणि एका दुपारी बंद झालं. ते का बंद झालं याच्या गावात चार-पाच गोष्टी आहेत. त्यातल्या दोन तर मलाच चहा पाजून सांगण्यात आल्या. मी ऐकून घेतल्या. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, हे गादीवर बसणारा माणूस सगळ्यात आधी शिकतो. आता माझी ऐका. मी चौथी पास. पुढचं वाचन सगळं रद्दीच्या पुड्यांवर झालेलं, त्यामुळे पुष्कळ गोष्टींचा मला मधलाच भाग ठाऊक असतो. शेवटचं पान कोणाच्या तरी गुळाबरोबर गेलेलं असतं. हीही तशीच आहे.

नवं राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. माझ्या गादीशेजारी काचेची एक मोठी बरणी असे. पूर्वी तिच्यात लिमलेटच्या गोळ्या होत्या, नंतर बाईसाहेब आल्या. बाईसाहेब म्हणजे इंगळी, मोठा काळा विंचू. काळी कुळकुळीत, जवळजवळ वीतभर, चिमटे असे की अडकित्ता बरा. लाल विंचवासारखा हिचा डंख जिवावर बेतत नाही. हिचा सगळा जोर चिमट्यात. जीनच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीच्या, गोदामात कापसाच्या ढिगाखाली ती कय्यूमभाईला सापडली. कय्यूमभाई तिथे वीस वर्षं गठाणी बांधत होता. हंगाम संपून जीन बंद झाला की तो दिवसभर माझ्या दुकानात बसे. तिला टोपल्याखाली झाकून घेऊन आला आणि म्हणाला, "शेठ, हे तुमच्यासारखीच हाये. डंख मारत नाई, धरते."

मी ठेवून घेतली. दुकानदाराला अशी एक वस्तू लागते. एकदा नव्या किलोची वजनं तपासायला पुण्याकडचे एक साहेब आले. खुर्ची बरणीला लावून बसले, वजनं मागवली, आणि मग हळूच विचारलं, "हे खेळणं आहे ना?" तेवढ्यात खेळण्यानं काचेवर चिमटा वाजवला. साहेबांचा निम्मा चहा आजतागायत शिल्लक आहे.

तिची व्यवस्था मी स्वतः करायचो. तळाशी चार बोटं लाल माती, लपायला कौलाचा तुकडा, रोज सकाळी पाण्याचा शिपका, गुरुवारी एक झुरळ. ही बरणी माझ्या बायकोला, रुखमाबाईला, कधी आवडली नाही. पण तिनं तसं तोंडानं कधी म्हटलंही नाही.

ते म्हणायची तिची रीत वेगळी होती. तिचे वडील मेहकरच्या गुरांच्या बाजारात दलाल. त्या बाजारात भाव तोंडानं होत नाही, रुमालाखाली होतो: दोघांचे हात रुमालाखाली, बोटं धरायची, दाबायची, भोवतालच्यांना पत्ता नाही. सरकीच्या सौद्यातही आम्ही जुने लोक तेच करत होतो. रुखमाबाई लहानपणापासून ते पाहत आलेली. लग्न झाल्यावर आम्ही घरात त्याची आमची बोली केली. पाहुणे बसलेले असले की पदराआड तिचा हात माझ्या हातात. एक बोट दाबलं की चहा. दोन बोटं दाबली की यांना आता वाटेला लावा. आणि सगळी मूठ आवळली की थांब, जाऊ नको. मूठ आम्ही पाहुण्यांसमोर सहसा वापरत नव्हतो.

२

मे महिन्यात बाईसाहेबांनी झुरळ घेतलं नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. कौलाखालून बाहेर येऊन उघड्यावर पडून राहिल्या, पोट फुगलेलं, अंगाची चमक गेलेली. मी कय्यूमभाईला दाखवलं.

"कात टाकून राह्यली," तो म्हणाला. मग बरणीत वाकून पुन्हा पाहिलं आणि टोपी मागे सारली. "पण शेठ, हे तं पुरी वाढली हाये. वाढल्यावर इंगळी कात नाई टाकत. लहानपणीच काय टाकायची ते टाकते."

"हिला अजून वाढायचं असेल."

"कायच्यात वाढते आता?" तो हसला. मीही हसलो.

त्या दिवसांत खामगावच्या रस्त्यावर बारानंतर कुत्रं दिसत नव्हतं. हवा इतकी कोरडी की ढेपेच्या वड्या आपोआप तडकत. कात निघायला ओलावा लागतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण सुकलेल्या शेंगेतून दाणा नीट निघत नाही एवढं कळतं. मी बरणीभोवती गोणपाट गुंडाळलं आणि अर्ध्या-अर्ध्या तासानं ते भिजवत राहिलो. गिऱ्हाइकं विचारत, "शेठ, कोणाले ताप आला?" मी म्हणे, "बाईसाहेबांचं बाळंतपण आहे."

तिसऱ्या दिवशी दुपारी तोंडापाशी कवच उकललं. आतून दुधासारखं पांढरं काहीतरी पुढे सरकू लागलं. तास गेला, दोन तास गेले. डोकं निघालं, पाय निघाले, डावा चिमटा निघाला. शेपूट निघालं. उजवा चिमटा मात्र जुन्या कवचात अडकला. ती ओढी, थांबे, ओढी. काचेवर मातीचा कण आपटावा तसा अगदी बारीक आवाज येत होता. बाकी सगळीकडे सामसूम.

"आता सुकलं तर मेली," मी म्हणालो.

"मेली तं मेली," कय्यूमभाई म्हणाला. "हात नका लावू. पाणी शिपडा, अन् बसा. तिचं तिले करू द्या. ओढू नका, शेठ."

एवढं बोलून तो नमाजाला गेला.

३

माझ्या उजव्या हाताबद्दल सांगायला हवं. दुकान टाकण्याआधी मी जीनमध्ये रुईचा, सरकी काढलेल्या कापसाचा, पारखी होतो. चिमूटभर रुई दोन्ही चिमटींत धरायची आणि ओढायची. धागा किती लांब निघतो यावर मालाची प्रत ठरते. जोर नाही, झटका नाही, एका दमात. लोक म्हणत, दयाराम शेठच्या हातात धागा तुटत नाही. दहा वर्षं हेच काम केलेला हात. समोर काही अडकलेलं दिसलं की तो माझी परवानगी विचारत नसे.

मी झाकण काढलं. दोन बोटांत जुन्या चिमट्याचं कवच धरलं.

मी ओढलं.

अगदी रुईसारखं आलं. सावकाश, न तुटता. मनात म्हटलं, वा रे हात! आणि कवचातून बाहेर आलेला तो पांढरा, ओला चिमटा माझ्या अंगठ्यालगतच्या मांसावर मिटला.

दुखलं नाही. दात न आलेल्या लेकरानं बोट धरावं तसं मऊ होतं. पण सुटेना. मी हात मागे घेतला, तशी ती सगळीच्या सगळी हवेत उचलली गेली, आठही पाय काचेच्या कडेला रोवून ताणत राहिली. आम्ही दोघं किती वेळ ओढत होतो सांगता येत नाही. मग तिनं डावा चिमटा वळवला, स्वतःच्या उजव्या खांद्याशी नेला, आणि तोडलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तुटलं. पाण्यासारखं निळसर काहीतरी माझ्या मनगटावर उडालं. ती धपकन मातीत पडली आणि कौलाखाली गेली.

चिमटा माझ्या हातावरच होता.

मी माठापाशी गेलो, तांब्या उचलला, हातावर पाणी ओतलं. पाहतो तर चिमटा नाही. दोन बारीक खळगे, बस्स. खाली नव्हता. मोरीत नव्हता. मी दुकान झाडून काढलं, बरणीतली माती गाळली. कय्यूमभाई परत आला तेव्हा मी चाळण घेऊन बसलो होतो.

"काय झालं?"

"सुटली," मी म्हणालो. "तिचं तिनं केलं."

त्यानं एका चिमट्याच्या बाईसाहेबांकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. जन्मभर सौदे केलेला मी माणूस. कोण खोटं बोलतंय हे समोरच्याला कधी कळतं ते मला कळतं.

४

हात बधिर झाला. ते काही विशेष नाही. डंख नकळत लागला असेल, उतरेल. विशेष हे की सगळं गाव घामानं निथळत असताना तो हात माठासारखा गार होता. त्यावर पाण्याचे थेंब धरत.

चार दिवसांनी वरवट बकालचा दलाल कडूबा आला. गोड माणूस, बोलका.

"या कडूबा. बसायला मिळालं का यष्टीत?"

"कोंबड्यायले मिळालं, शेठ. मी त्यायच्या मांडीवर बसून आलो."

दुकानात चार-पाच शेतकरी होते, हशा झाला. कय्यूमभाईनं चहा सांगितला. मी रुमाल टाकला आणि आम्ही हात खाली घातले. कडूबानं आपला भाव दाबला. मी माझा सांगायला त्याची दोन बोटं धरली.

तो आधी हसला. मग म्हणाला, "समजलं, शेठ." मग, "शेठ, सोडा आता." मग त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. मी सोडायचं म्हणत होतो. मनानं केव्हाच सोडलं होतं. पण हाताला फक्त एवढंच जाणवत होतं की चिमटीत काहीतरी आहे आणि त्याचा धागा किती निघतो ते पाहायचं आहे.

कापसाची वाळलेली पऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला. लगेच दुसरा.

कडूबा गादीवरून खाली कोसळला. रुमाल त्याच्याबरोबर ओढला गेला, पण मी हात झटकन धोतरात घेतला होता. का घेतला? माझाच हात तो. कोणापासून लपवायचा?

लोकांनी त्याला उचललं. दोन बोटं मागच्या बाजूला वळली होती आणि कातडीतून हाड बाहेर आलं होतं. मी हात बधिर झाल्याचं सांगत होतो, गयावया करत होतो. कडूबा शिव्या देत नव्हता. तेच मला सहन झालं नाही. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता.

"पाच बोटं नव्हती जी. दोनच व्हते, दोन्ही बाजूनं. शेठ, रुमालाखाली कोनाचा हात व्हता?"

५

मनगटाभोवती एक रेघ उमटली. तिच्या पुढची कातडी पिवळट, मग तपकिरी, मग कांद्याच्या सालीसारखी वाजू लागली. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास आहे, खोबरेल लावा. मी खोबरेल लावलं. शिकलेल्या माणसाचं ऐकावं, असं मला स्वतः न शिकल्यामुळे फार वाटतं. रुखमाबाई गोणपाटाचा तुकडा भिजवून हातावर बांधू लागली. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. बरणीसाठी मी काय करत होतो ते तिनं पाहिलं होतं.

एका दुपारी जेवून मी पडलो होतो. ती शेजारी सुपारी कातरत होती. जाग आली ती ओरडण्यानं नाही, धापेनं. रुखमाबाई गुडघ्यावर बसली होती. तिचं मनगट माझ्या उजव्या हातात होतं, ओल्या गोणपाटातच. बांगड्या फुटून मांसात शिरल्या होत्या, रक्त कोपरापर्यंत आलेलं. डाव्या हातातल्या अडकित्त्यानं ती माझ्या हातावर घाव घालत होती, ढेप फोडावी तशी. मला काहीही लागत नव्हतं.

मी उठून बसल्यावर हात सुटला. आधी नाही.

मग तिनं मनगटातून काच काढायला घेतली.

"तुमी घोरून राह्यले व्हते," ती म्हणाली. "मले आधी वाटलं, गंमत करून राह्यले. मी दोन बोटं दाबली, सोडा म्हणून. मंग तिकून मूठ आली."

"मूठ?"

"हाव. आपली. थांब, जाऊ नको." ती काच काढत राहिली. "मी थांबलेच व्हते ना. मंग काऊन इतकी?"

मी तिला म्हटलं, उद्याच्या यष्टीनं मेहकरला जा, महिनाभर राहा.

"मी काऊन जाऊ? तुमचाच हात हाये तो. परक्याचा हाये का?"

याला जे उत्तर होतं ते फार वाईट होतं. मी एवढंच ठरवलं की हिला पुन्हा लागता कामा नये. बाकी काय होईल ते होवो.

६

काय करायचं ते बाईसाहेबांनी मला दाखवलंच होतं.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी दुकानामागच्या गोदामात गेलो. एका भिंतीला छातीएवढा सरकीचा ढीग, दुसरीकडे ढेपेच्या थप्प्या, मध्ये ढेप फोडायचा ओंडका आणि कुऱ्हाड. ओल्या गोणपाटात हात मनगटापर्यंत बांधलेला. कय्यूमभाईला बोलावलं आणि म्हणालो, साप चावला, कोपराखाली दोरी आवळ. त्यानं गठाण आवळावी तशी आवळली. मग मी म्हणालो, "आता तिकडे तोंड कर."

तो म्हणाला, "काऊन?"

मी डाव्या हातानं कुऱ्हाड उचलली. डाव्या हाताला ते काम येत नव्हतं. पहिला घाव ओंडक्यावर गेला. दुसऱ्यानं हाड फुटलं. तिसऱ्याच्या आधी गोणपाटातल्या बोटांनी ओंडक्याची कड धरली; हे मी शपथेवर सांगतो, माझी इच्छा नसताना धरली आणि ओंडक्याचा ढलपा निघाला. कय्यूमभाई "या अल्ला" म्हणत माझ्या अंगावर आला, पण तोवर चौथाही बसला होता.

मी खाली पडलो. गाल जमिनीला लागलेला. तिथून मला गोणपाटाची पुरचुंडी दिसत होती, ओंडक्याच्या पायथ्याशी. ती हलत होती. आत कोणीतरी कपडे काढत असावं, तशी.

कय्यूमभाईनं माझा दंड धोतरानं बांधला. मग तो पुरचुंडीकडे गेला. दवाखान्यात हातही मागतील असं त्याला वाटलं. त्यानं गोणपाट उचललं आणि तसाच उभा राहिला.

"शेठ," तो म्हणाला, "हे रिकामं हाये."

त्यानं मला दाखवलं. माझा हात होता. नखं, बोटातली चांदीची अंगठी, तळव्यावरच्या रेघा, सगळं जागच्या जागी. कांद्याच्या सालीएवढा पातळ, पाठीकडून उभा उकललेला. आत काही नाही. ना मांस, ना हाड.

जमिनीवर ओली रेघ होती, सरकीच्या ढिगापर्यंत. ढिगाच्या पायथ्याशी थोडी सरकी खाली घरंगळत आली होती. आणखी दोन दाणे घरंगळले. मग थांबलं.

"घूस असन," कय्यूमभाई म्हणाला. "घुशीनं नेलं असन, शेठ."

७

दवाखान्यात बावीस दिवस होतो. कुऱ्हाड निसटली, असं सगळ्यांना सांगितलं. रुखमाबाईलाही. ती तोडलेल्या टोकाशी आपला हात ठेवून बसली.

तो नसलेला हात मला जाणवत असे. डॉक्टर म्हणाले, हात गेलेल्या माणसाला होतं तसं. काहींना खाज सुटते, काहींना दुखतं. मला दुखत नव्हतं. मला गार वाटत होतं, आणि सगळ्या बाजूंनी बारीक, लव असलेले दाणे लागत होते. मी ते कोणाला बोललो नाही. सरकी ओळखायला मला डोळे लागत नाहीत.

तेव्हाच तो ढीग जाळून टाका म्हणायला हवं होतं. पण काय कारण सांगणार? घूस? रोज सकाळी मनाशी म्हणे, दयाराम, तू चौथी पास आहेस, डॉक्टर शिकलेले आहेत. गोदामाला कुलूप होतं. किल्ली माझ्या उशाशी होती. एवढं पुरेसं आहे, असं मी धरून चाललो.

तेविसाव्या दिवशी दुकान उघडलं. लोक भेटायला आले. कडूबासुद्धा आला, बोटं पट्टीत, म्हणाला, "आता आपली जोडी झाली, शेठ." मी गादीवर बसून सगळ्यांशी बोलत होतो, बरणी पुसत होतो. बाईसाहेबांनी त्या दिवशी काही खाल्लं नाही. चिमटा नसलेली बाजू काचेला लावून गोदामाच्या दिशेनं बसल्या होत्या. दुपार झाली, मंडळी पांगली. कय्यूमभाईही उठला. गोदामाच्या किल्लीचा जुडगा गादीवर होता तो आता तिथे नव्हता, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

मागच्या गोदामातून रुखमाबाईचा आवाज आला. "अवो, म्हशीले टोपलंभर सरकी घेऊन राह्यले मी."

मी धावलो. ती ढिगाशी वाकली होती. वरची सरकी उन्हानं कडकलेली, म्हणून चांगली काढायला तिनं हात आत घातला होता, कोपराच्याही वर. सगळ्या बायका तसंच करतात. मला पाहून ती हसली. मग तिनं माझ्याकडे पुन्हा पाहिलं. माझा डावा हात पाहिला, उजव्या बाहीचं रिकामं टोक पाहिलं.

"तुमी तं इथं हाय," ती म्हणाली.

माझ्या नसलेल्या तळव्यात मनगट होतं. उबदार. नव्या बांगड्या, सहा. जुन्या जखमेची खपली.

"मंग मूठ कोन दाबून राह्यलं?"

"रुखमा, हलू नको." मी तिच्या कमरेला डावा हात घातला. कय्यूमभाईचे शब्द मला आठवत होते. अगदी स्वच्छ आठवत होते. पाणी शिपडा अन् बसा, तिचं तिले करू द्या. ती माझ्याकडे मान वळवून पाहत होती, तोंड उघडं, आवाज नाही. एक बांगडी फुटल्याचं मला कानांनी ऐकू आलं आणि हातालाही कळलं. दुसरी. आतल्या बोटांनी धागा किती लांब निघतो ते पाहायला सुरुवात केली होती. सावकाश, न तोडता.

मी ओढलं.